सातशे कूलर आणि एकच फोन

ताई,

नागपुरात सक्करदऱ्याला आमचं कूलरचं दुकान आहे. बाबांनी साठेक कूलर किरायाने देऊन सुरुवात केली होती, आज सातशेवर गेलेत. शिवाय लग्नाच्या लॉनला जम्बो कूलर देतो, दुरुस्ती करतो. हिवाळ्यात आम्ही सात जण, सीझनला पोट्टे धरून बावीस-तेवीस. मागच्या मे महिन्यात पार गोची झाली. एकाच फ्लॅटवर दोन कूलर गेले. मानेवाड्याच्या एका गिऱ्हाइकाचा पंप बंद पडला, तिकडे पाच दिवस कोणी फिरकलं नाही. पावसाळा लागल्यावर कूलर उचलायला निघालो, तर तीस-एक कूलर कुठे आहेत तेच कळेना. लोकांचं पाचशे-पाचशे रुपये डिपॉझिट परत करायला मला उसनवारी करावी लागली.

मिस्त्रीकाका बाबांच्या वेळेपासूनचे. कोणाकडे कोणता कूलर, कोणाचा जिना अरुंद, सगळं त्यांच्या डोक्यात, पण नवीन पोट्ट्यांना ते काही सांगत नाहीत. मी डिप्लोमा झालेला एक मुलगा सुपरवायझर म्हणून ठेवला, तर काकांनी तीन दिवस डबा उघडला नाही. सॉफ्टवेअर घेतलं, ते कोणी भरत नाही. बाबा म्हणतात, धंदा वहीवर वाढला, वहीवरच चालेल. सीझनमध्ये माझा फोन सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत वाजत असतो. काकांना मानाने घरी बसवावं का? की सॉफ्टवेअर बदलू? पुढच्या उन्हाळ्याआधी काय करू?

– एक कूलरवाला, सक्करदरा

भाऊ,

काकांना घरी बसवू नका. निदान यंदा तरी नाही, आणि तुम्ही सांगता त्या कारणासाठी तर मुळीच नाही. ते गेले तर पुढच्या जूनमध्ये तीसच्या जागी शंभर कूलर शोधत फिराल. सॉफ्टवेअरही बदलू नका, नवीन घ्याल तेही असंच पडून राहील.

आधी एक काम करा. मागच्या मे महिन्यातला कोणताही एक दिवस घ्या, लग्नाची दाट तिथी असलेला घेतलात तर उत्तम, आणि त्या दिवसाचे व्हॉट्सअॅप मेसेज कागदावर उतरवा. कोणाचा होता, काय विचारलं, तुम्ही काय सांगितलं, एवढंच. माझा अंदाज असा की त्यातले निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकांचे नसतीलच, तुमच्याच पोट्ट्यांचे असतील. भाऊ, खिडकी छोटी आहे, स्टँड लावू का? भाऊ, हे वूड वूलचं पॅड नको म्हणतात, हनीकोम पॅड पाहिजे, किती सांगू? भाऊ, गेटला कुलूप आहे, थांबू की जाऊ? यातल्या एकाही प्रश्नाला मालक लागत नाही. पण उत्तर दुसरीकडे कुठे लिहिलेलंच नाही, मग ते पोरगं तुम्हालाच फोन करणार.

साठ कूलर होते तेव्हा हे बरोबरच होतं. बाबा गल्ल्यावर, काका हाताशी, गिऱ्हाईक चार मोहल्ल्यांतलं. सगळ्या धंद्याची माहिती दोन डोक्यांत मावत होती आणि ती दोन डोकी दिवसभर एकाच दुकानात होती. आता कूलर दहापटीवर गेले, सीझनला माणसं तिप्पट होतात, बेसा-मानेवाड्यापासून जरीपटक्यापर्यंत गाडी जाते, आणि माहिती अजून त्या दोन डोक्यांतच आहे. फक्त बाबांच्या जागी तुम्ही. लॅरी ग्रायनर नावाच्या अमेरिकी प्राध्यापकांनी 1972 मध्ये वाढत्या कंपन्यांवर एक लेख लिहिला, तो धंद्याच्या शाळांत अजून शिकवतात. त्यांचं म्हणणं असं की एका टप्प्यावर ज्या पद्धतीने धंदा वाढतो, तीच पद्धत पुढच्या टप्प्याला आडवी येते, आणि पहिली अडचण येते ती मालकाने सगळं स्वतः बघण्याचीच. त्यांनी आपल्या इतवारीच्या बाजारात एक चक्कर मारली असती तरी हेच दिसलं असतं.

आता तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. तुम्ही ती सहज सांगून पुढे गेलात: लॉन. घरचा कूलर आणि लॉनचा कूलर हे दोन वेगळे धंदे आहेत, आणि तुम्ही ते एकाच टेम्पोत घातलेत. घरचा कूलर मार्च-एप्रिलमध्ये एकदा जातो, जूनमध्ये एकदा परत येतो, मधे दोन-तीनदा पंप नाहीतर पॅडसाठी माणूस जातो. किराया आधी हातात येतो. लॉनचे वीस-पंचवीस जम्बो दुपारी दोनला काटोल रोडला पोचवायचे, पाण्याच्या टँकरची वाट बघायची, मध्यरात्रीपर्यंत दोन पोट्टे तिथेच, सकाळी उचलून दुसऱ्या लॉनवर. आणि पैसे मंडपवाल्याकडून मिळतील तेव्हा मिळतील. तिथीच्या दिवशी लॉनवाला ओरडतो, नवरदेवाचा मामा ओरडतो, म्हणून सगळी माणसं तिकडे जातात. मानेवाड्याच्या बाई ओरडत नाहीत, म्हणून त्यांचा पंप पाच दिवस बंद राहतो. ते पाच दिवस पंचांगात काढून बघा. दाट तिथ्यांचे निघाले तर मला नवल वाटणार नाही.

म्हणून एप्रिल ते जून एक छोटा हत्ती टेम्पो आणि चार पोट्टे फक्त लॉनचे. घरच्या कामाला त्यांना हात लावायचा नाही आणि घरच्या पोट्ट्यांना लॉनवर पाठवायचं नाही, कितीही आरडाओरडा झाला तरी. त्या गाडीचा किराया, डिझेल, पोट्ट्यांची मजुरी, रात्रीचं जेवण, फुटलेले फ्लोट, जळालेल्या मोटरी हे सगळं एका वेगळ्या पानावर लिहा आणि जूनअखेर बघा की लॉनने खरंच काय दिलं. लॉनचं बिल मोठं दिसतं म्हणून ते फायद्याचं असतंच असं नाही. मी तुमच्या जागी असते तर यंदा लॉन निम्मी केली असती आणि वेळेवर पैसे देणारेच मंडपवाले ठेवले असते. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, नसेल तर करून घ्या. 2006 च्या एमएसएमई (लहान-मध्यम उद्योगांच्या) कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान धंद्याचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. 2023-24 या वर्षापासून तर मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरही बाकी असलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. मंडपवाल्याच्या सीएला हे पक्कं ठाऊक असतं. बिलावर उद्यम क्रमांक छापला तरी बोलण्याचा सूर बदलतो.

आता हरवलेले कूलर. तुमच्या पत्रात कूलरच्या नंबराचा कुठे उल्लेख नाही, म्हणून समजते की कूलरवर नंबर नाहीत, किंवा आहेत ते कोणी बघत नाही. सातशे सारख्याच करड्या पत्र्याच्या पेट्या शहरभर पसरल्यात आणि कोणती कोणाची हे फक्त काकांना माहीत. पहिलं काम नंबर. अठरा इंचीचा 18-1 पासून, चोवीस इंचीचा 24-1 पासून, म्हणजे नंबर ऐकताच कोणता पंखा आणि कोणता पॅड न्यायचा ते कळेल. मागच्या बाजूला स्टेन्सिलने ऑइल पेंटमध्ये मोठा नंबर, आणि तोच नंबर आत, पॅडच्या चौकटीखालच्या पत्र्यावर पंचाने ठोकलेला. आतला का, तर दर हिवाळ्यात तुम्ही कूलरला रंग मारता आणि बाहेरचा नंबर रंगाखाली जातो. एका हंगामाचा नंबर काही कामाचा नाही.

मग एक जाड रजिस्टर. एका नंबराला एक ओळ: नाव, मोबाइल, पत्ता आणि खूण, मजला, दिल्याची तारीख, डिपॉझिट, परत आल्याची तारीख. बस. गिऱ्हाइकाच्या पावतीवर तोच नंबर. त्यांचा फोन आला की पहिला प्रश्न, कूलरच्या मागे काय नंबर आहे? जूनमध्ये परत आल्याच्या तारखेचा रकाना ज्या ओळीत कोरा, ते कूलर बाहेर. हे शोधायला दहा मिनिटं पुरतात. कॉलेजच्या पोरांना दिलेल्या कूलरवर वेगळी खूण करा, कारण परीक्षा झाली की ती खोली सोडतात, कूलर घरमालकाच्या गच्चीवर जातो आणि पुढच्या वर्षी तो घरमालकाचाच होतो. तुमच्या तीसमधले बरेच असेच गेले असणार. त्या कूलरना उचलायची तारीख जून नाही, परीक्षेचा आठवडा.

बाबांचं म्हणणं इथे अर्धं खरं आहे. वहीने चालेल, पण ही वही वेगळी. त्यांची वही तारखेप्रमाणे चालते, आज कोण आलं, किती दिले. तुम्हाला लागते ती कूलरप्रमाणे चालणारी.

सॉफ्टवेअर का भरलं जात नाही? तुम्ही लिहिलं नाही, पण अशी सॉफ्टवेअरं मी बघितली आहेत. एका कूलरसाठी पंधरा-सोळा रकाने असतात, आणि ते भरायचे कोणी, तर तिसऱ्या मजल्यावर कूलर चढवून घामाघूम झालेल्या, हाताला वूड वूलचे तंतू चिकटलेल्या पोराने. तो नाही भरणार, आणि मी त्याला दोष देणार नाही. पोट्ट्यांनी फक्त कूलरच्या नंबराचा फोटो पाठवायचा आणि पावतीचं अर्धं पान दुकानात आणून द्यायचं. भरणारं माणूस एकच, दुकानात, पंख्याखाली, कोरड्या हातांचं. मोहल्ल्यातली बारावी झालेली एखादी मुलगी मार्च ते जून ठेवा. गल्ल्यावरचा फोनही तिच्याकडे. आणि हा फोन तुमचा नको, नवा नंबर घ्या. तुमचा खाजगी नंबर आज सातशे घरांत आहे, तो एका दिवसात निघणार नाही, पण प्रत्येक कूलरवर नव्या नंबराचं स्टिकर लावलं तर मेपर्यंत बरेच फोन तिकडे वळतील. पहिलं वर्ष रजिस्टर चालू द्या. ते बिनचूक भरलं गेलं तर पुढच्या वर्षी तेच रकाने, तेवढेच, सॉफ्टवेअरमध्ये घाला.

तरी सॉफ्टवेअर आलं म्हणून जाणत्या माणसाची गरज संपत नाही. मे 2024 च्या शेवटी आपल्या शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले होते, आठवतं? देशभर बातम्या झाल्या. मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. 2013 च्या मे महिन्यात 47.9 अंश सोसलेल्या कोणत्याही नागपूरकराने यंत्र न बघता सांगितलं असतं की ऊन कडक आहे, पण 56 नाही. तुमच्या दुकानात आकडा बघून असं म्हणू शकणारा माणूस एकच आहे, आणि त्याला तुम्ही घरी बसवायला निघालात.

तर काका. ते पोट्ट्यांना काही सांगत नाहीत, कारण त्यांना जे माहीत आहे तेवढीच त्यांची दुकानातली जागा आहे. हात थकले, जिने चढवत नाहीत, मोटरचं वाइंडिंग आता इतवारीत होऊन येतं. उरली ती माहिती. ती सुपरवायझरला दिली की आपलं काम संपलं, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. तुम्ही तो मुलगा आणलात ते चुकलं नाही, पण बहुधा सकाळी सगळ्यांसमोर सांगितलंत की आजपासून ह्यांना विचारायचं. तीन दिवस डबा न उघडणं हे त्याला उत्तर होतं.

त्यांना त्या मुलाच्या हाताखाली ठेवू नका, आणि त्याच्या वरही बसवू नका. वर बसवलं तर मुलगा जाईल. त्यांना असं काम द्या जे दुकानात आज कोणाचंच नाही: पासिंग. कूलर टेम्पोत चढण्याआधी काकांनी बघायचा, पास केला की मागे त्यांची सही आणि तारखेचं स्टिकर. स्टिकर नाही तर कूलर चढणार नाही.

हे मी काकांचं मन राखायला सांगत नाही. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं, लेकरं दगावल्याच्या बातम्या येतात. लोखंडी बॉडी, खाली पाणी, ओली फरशी, पंपाच्या वायरीला गेलेला तडा, आणि घराला अर्थिंग नाही. सातशे कूलर म्हणजे सातशे घरांत तुम्ही हे ठेवून आलात. पासिंगमध्ये काय बघायचं ते लिहून भिंतीवर लावा: पाणी भरून, पंप आणि पंखा दोन्ही पंधरा मिनिटं चालू, टेस्टरने बॉडी सगळ्या बाजूंनी, तीन पिनांचा प्लग, आणि अर्थिंगची वायर बॉडीला जिथे बोल्टने कसली आहे तिथला रंग खरवडलेला. हा शेवटचा मुद्दा काकांना विचारा, ते हसतील. हिवाळ्यात रंग मारणारा पोरगा बोल्टवरूनही ब्रश फिरवतो, वायर दिसायला जागेवर असते आणि रंगाच्या थरामुळे ती पत्र्याला लागलेलीच नसते. गिऱ्हाइकाकडे कूलर बसवणाऱ्या पोराने प्लगपॉइंटला अर्थिंग आहे का ते टेस्टिंगच्या बल्बने बघायचं. नसेल तर पावतीवर लिहायचं, गिऱ्हाइकाची सही घ्यायची आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावून घ्या असं सांगायचं. पाणी भरताना स्विच बंद, हे स्टिकरवर मोठ्या अक्षरात.

एक सवय मात्र काकांची सोडवावी लागेल. बहुतेक जुने मिस्त्री करंट आहे का ते हाताची पालथी बाजू पत्र्याला लावून बघतात. काकाही करत असतील, आणि पोट्टे ते बघून शिकत असतील. ते बंद म्हणजे बंद. एक चांगला टेस्टर आणि मीटर आणून त्यांच्या हातात द्या, आणि सांगताना एकटे असा. पोट्ट्यांसमोर नको.

माहिती काढायची पद्धतही वेगळी लागेल. काका, सगळं सांगून टाका, असं म्हटलंत तर ते म्हणतील, त्यात काय सांगायचं. जानेवारीतल्या दुपारी, काम नसतं तेव्हा, मागच्या वर्षीच्या गिऱ्हाइकांची यादी मोहल्ल्याप्रमाणे काढा आणि एक-एक नाव वाचा. नंदनवनच्या अमक्यांकडे? मग ते बोलतील, की तिथे जिन्यात वळण आहे, चोवीस इंची फिरत नाही, बाल्कनीतून दोराने वर घ्यावा लागतो. धरमपेठेत त्या घरी आजी एकटीच आहे, पाणी भरायला जमत नाही, तिथे फ्लोट लावून नळाची लाइन दिलेली आहे. वाचायचं तुम्ही, सांगायचं काकांनी, लिहायचं सुपरवायझरने. तिघं एका चटईवर बसले की बाकी बरंच आपोआप होतं. त्या मुलालाही कळेल की डिप्लोम्यात जिने शिकवत नाहीत.

आणि काकांचा पगार आधी वाढवा, कामाचं नाव नंतर सांगा. उलट केलंत तर ते नुसतं गोड बोलणं वाटेल.

मानाने घरी बसवणं याचीही किंमत असते, म्हणून सांगते. बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी 10 माणसं कामावर असली तर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मालकाने द्यायची रक्कम, लागू होते, आणि सीझनला तुमच्याकडे बावीस असतात. हिशोब असा: शेवटच्या महिन्याचा पगार भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. समजा पगार 18,000 आणि नोकरी 25 वर्षं, तर सुमारे 2 लाख 60 हजार रुपये. काका कधीतरी निवृत्त होणारच, तेव्हा ही रक्कम आतापासून दर महिन्याला बाजूला पडू द्या. त्या दिवशी शाल-श्रीफळासोबत तो चेकही गेला पाहिजे.

सुपरवायझरकडे काय? गाड्यांचे रूट, घरच्या कामाचे पोट्टे, तक्रारी. आणि तुम्हाला न विचारता घ्यायचे निर्णय, लिहून दिलेले: पाचशे रुपयांपर्यंत सूट, बंद पडलेला कूलर बदलून देणं, आज कोणाकडे आधी जायचं. तो कधीकधी चुकेल. पाचशेच्या जागी तीनशेत भागलं असतं, असं तुम्हाला दिसेल. तेव्हा गप्प बसा, संध्याकाळी बोला. खरी परीक्षा वेगळीच आहे. एखादं जुनं गिऱ्हाईक त्याला टाळून थेट तुम्हाला फोन करेल, तुझ्या बाबांना ओळखतो म्हणेल, आणि तुम्ही त्याचं काम सगळ्यांच्या आधी करून द्याल. त्या दिवसापासून सगळं शहर पुन्हा तुमच्याच फोनवर येईल. पोट्ट्यांचंही तेच. तुम्ही उचलला नाही तर ते सुपरवायझरला फोन करतील, उचलला तर कधीच करणार नाहीत. एप्रिलचे पहिले दोन-तीन आठवडे हे फार जड जाईल. हात शिवशिवतील. एक-दोन कामं खरंच बिघडतील. बिघडू द्या.

काकांच्या स्टिकरचंही तसंच. दाट तिथीला पाच कूलर कमी पडतील, पासिंग झालेलं नसेल, आणि तुम्हाला वाटेल की आजच्या दिवस जाऊ द्यावं. तुम्ही एकदा जाऊ दिलंत की ते स्टिकर पोट्ट्यांच्या लेखी संपलं, आणि काकाही.

तुमच्याकडे काय उरतं? भाव ठरवणं, खरेदी, माणसं ठेवणं-काढणं, लॉनचे सौदे, बँक. एवढं पुष्कळ आहे.

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात फार डोकं लावायला नको. सातशे कूलरचं पाचशेप्रमाणे डिपॉझिट म्हणजे साडेतीन लाख. ते तुमचे पैसे नाहीत, लोकांचे आहेत. एप्रिलमध्ये हातात आले म्हणून त्यातून नवीन कूलर घेतले असणार, आणि जूनमध्ये ते पैसे पत्र्याच्या रूपात गोदामात पडलेले होते. वेगळं खातं उघडा, डिपॉझिट तिथे जाईल आणि तिथूनच परत जाईल. यूपीआयचा क्यूआर कोडही वेगळा ठेवा, म्हणजे सरमिसळ होणार नाही. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते, ते आतापर्यंत झालं असेलच.

माणसांच्या संख्येवरून लागणाऱ्या गोष्टी सीएसोबत एकदा बसून बघा. 10 माणसांवर ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा), 20 वर पीएफ, आणि सीझनच्या पोट्ट्यांना यातून परस्पर वगळू नका. ईएसआयमध्ये 21,000 पर्यंत पगार असलेल्या कामगाराचा 0.75 टक्के आणि तुमचा 3.25 टक्के हिस्सा जातो. महाग वाटत असेल तर एवढं बघा, तुमची पोरं लोखंडी पेट्या पाठीवर घेऊन तीन-तीन मजले चढतात. एखादा जिन्यावरून घसरला तर आज खर्च तुमच्या खिशातून जातो, तेव्हा तो सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयात जाऊ शकेल.

हे सगळं कधी? आत्ता. दिवाळी झाली, दुकानात शांतता आहे. संक्रांतीपर्यंत नंबर आणि रजिस्टर. जानेवारी-फेब्रुवारीत काकांच्या दुपारच्या बैठका, पासिंगचा कागद, नवा फोन नंबर, स्टिकरं. होळीच्या आसपास जे पहिले शंभर कूलर जातात, त्यांच्यावर सगळं चालवून बघा आणि जे अडेल ते तेव्हाच दुरुस्त करा. गुढीपाडव्यानंतर एकही नवीन नियम आणू नका. आठ-दहा आठवड्यांच्या सीझनमध्ये कोणी नवीन काही शिकत नाही, फक्त वाहून नेतो. आणि मे अखेरचा नऊ दिवसांचा नवतपा लागला की तर पेनाची शाईसुद्धा बदलू नका. मधे जे सुचेल ते एका कागदावर लिहून पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा. एखादा जुना पोरगा या सगळ्याला कंटाळून जाईलही. जाऊ द्या.

राहिले बाबा. त्यांना समजावण्याच्या भानगडीत पडू नका, काम द्या. शनिवारी संध्याकाळी नवं रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवायचं. गोदामात किती उभे, बाहेर किती गेलेले, दुरुस्तीला किती, आणि तिन्हींची बेरीज एकूण कूलरइतकी येते का, हे त्यांनी स्वतः मोजून बघायचं. गोदामात जाऊन, यादीवर विश्वास न ठेवता. ज्यांनी वर्षानुवर्षं वही सांभाळली, त्यांच्या नजरेतून न जुळलेली बेरीज सुटत नाही, आणि मुलाच्या रजिस्टरमध्ये चूक सापडली तर त्यांना आनंदच होईल. पहिल्या मोजणीत आकडा जुळणार नाही, हे धरूनच चला. जेवढे कूलर कमी भरतील, त्यांच्यासाठी जुन्या गिऱ्हाइकांच्या यादीवरून एकदा फोन फिरवा. संक्रांतीपर्यंत जे सापडणार नाहीत ते बुडीत लिहा, आणि त्यांना आधीचे नंबर असतील तर ते दुसऱ्या कूलरला देऊ नका.